दहा मिनिटांचं पाणी

नेहमीच्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी मावतं. होजच्या टोकाला ब्रँच धरून पूर्ण दाबानं मारा सुरू केला, की मिनिटाला चार-साडेचारशे लिटर उडतं. म्हणजे एका बंबाचा जोर दहा मिनिटांचा. तेवढ्यात आग आटोक्यात आली तर ठीक. नाही तर पुढच्या गाडीवर भिस्त ठेवून पहिली पाणी भरायला निघते. गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या गर्दीला यातलं काही ठाऊक नसतं. तिला दिसतं ते एवढंच, की घर जळतंय आणि अग्निशमनवाले गाडी वळवून चाललेत. मग आरडाओरडा होतो. कुणी बोनेटवर थापा मारतो, कुणी मोबाइल वर धरतो.

छत्रपती संभाजीनगरात या प्रसंगाला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे हे शहरच पाण्याला महाग. जायकवाडीसारखं धरण पन्नासेक किलोमीटरवर पैठणला, आणि कित्येक वसाहतींत नळ मात्र आठ-आठ दिवसांनी येणार. २०१९ मध्ये १,६८० कोटींची म्हणून मंजूर झालेली नवी पाणीयोजना पुढं २,७४० कोटींवर गेली. मलिक अंबरानं सतराव्या शतकात नहरींनी ज्या गावात पाणी खेळवलं, त्या गावाची ही गत. बंब भरायचा तोही याच टंचाईच्या पाण्यातून. हंडाभर पाण्यासाठी टँकरवाल्याच्या हातापाया पडणाऱ्या माणसानं ‘पाणी संपलं’ हे शब्द फायरमनच्या तोंडून ऐकले तर त्याचं डोकं फिरणारच. राग खरा असतो. फक्त तो ज्याच्यावर निघतो, त्याच्या हातात व्हॉल्व्ह सोडून दुसरं काही नसतं.

२९ ऑक्टोबर २०१६ आठवून बघा. नरक चतुर्दशीचा दिवस, औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावर भरलेला फटाका बाजार, ऐन खरेदीची वेळ. एका दुकानात ठिणगी पडली आणि शंभराहून अधिक दुकानं बघता बघता उडाली. मैदानातल्या गाड्यांचेही सांगाडे झाले. भर वस्तीतलं मैदान, ओळीनं चिकटून मांडलेली पत्र्या-कापडाची दुकानं, आत ठासून भरलेली दारू. अशा ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत जे जायचं ते जातंच, बंब दारात उभा असला तरी. आगीचा निकाल दुकानं मांडली त्या दिवशीच लागलेला असतो: दोन दुकानांत अंतर किती सोडलं, मागं वाट ठेवली का, परवानगीच्या कागदावर सही करणाऱ्यानं मैदानात पाऊल ठेवलं का. तरीही अशा प्रत्येक आगीनंतर आपल्याकडं एकच वाक्य फिरतं: बंब उशिरा आला.

उशीर खरोखर होतोही. पण तो मोजायला कुठून सुरुवात करायची? ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्याला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणीत तळमजल्यावरचं शिलाईचं दुकान पेटलं आणि वरच्या मजल्यावरच्या एकाच कुटुंबातली सात माणसं धुरानं गुदमरून गेली; ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्याही नव्हत्या. अवघ्या तीन महिन्यांत तेरा जीव. आणि या दोन्ही जागा महापालिकेच्या हद्दीबाहेरच्या. वाळूजला औद्योगिक विकास महामंडळाचा कारभार, छावणीला छावणी परिषदेचा. एकाच नावाच्या शहरात तीन कारभारी. लोकांच्या लेखी मात्र लाल गाडी म्हणजे लाल गाडी. ती कुणाची, कुठून सुटली, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही आणि असायचं कारणही नाही. कामगार कारखान्यातच झोपतात, हे दिवसाढवळ्या ज्यांना दिसायला हवं होतं त्यांचा उशीर कित्येक महिन्यांचा होता. त्यांच्या गाडीवर कुणी दगड मारत नाही, कारण त्यांची गाडी घटनास्थळी येतच नाही.

आता पैशाकडं वळू. ७४ व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत टाकली. काम दिलं, त्यासोबत हक्काचा पैसा तितकासा आला नाही. महापालिकांची जकात गेली, एलबीटी आला, हा स्थानिक संस्था करही २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला, २०१७ मध्ये जीएसटी लागला आणि पालिका सरकारच्या अनुदानाकडं डोळे लावून बसल्या. त्यात राज्याचा दंडक असा, की आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला तर नोकरभरती बंद. कागदावर हा नियम शहाणपणाचा आहे. व्यवहारात काय होतं? मालमत्ताकराची आणि पाणीपट्टीची वसुली रखडली की भाजकातला आकडा लहान होतो, पगाराचं प्रमाण आपोआप फुगतं आणि निवृत्त झालेल्या फायरमनची खुर्ची रिकामी राहते. ठेकेदाराच्या बिलाला आस्थापना म्हणत नाहीत, म्हणून मग माणसं एजन्सीकडून, कंत्राटावर. तोच धूर, तीच शिडी, पगार निम्माशिम्मा. पेन्शनचं तर नावच नको. आपला कर थकवून ‘बंबावर माणसंच नसतात’ म्हणणारा गृहस्थ नकळत त्याच हिशेबातला एक आकडा असतो.

फायरमन काही आठ दिवसांत तयार होत नाही. मुंबईत कालिन्याला राज्याच्या केंद्रात सहा महिन्यांचं प्रशिक्षण असतं: होज गुंडाळण्यापासून श्वासोच्छ्वासाचा बी. ए. सेट पाठीवर बांधून धुरात शिरण्यापर्यंत. आणि वर्दी काही आगीचीच येत नाही. हर्सूल तलावात कुणी बुडालं, नाल्यात गाय अडकली, झाड पडलं, लिफ्ट अडकली, मांज्यात पक्षी गुंतला, सगळ्याला हेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगावचा कचरा डेपो ग्रामस्थांनी बंद पाडला आणि शहर कचऱ्यानं तुंबलं, तेव्हा जागोजागी लोकांनी ढीग पेटवून दिले. विझवायला पुन्हा तेच. मार्चमध्ये मिटमिट्यात कचऱ्याच्या गाड्यांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. ज्या धोरणशून्यतेनं ही वेळ आणली ती वातानुकूलित सभागृहात शाबूत राहिली, काचा फुटल्या त्या चालकाच्या.

लोकांच्या रागाला काहीच आधार नाही, असं मात्र म्हणवत नाही. सामान्य दुकानदाराला, हॉटेलवाल्याला अग्निशमन विभाग भेटतो तो ना हरकत प्रमाणपत्राच्या खिडकीवर. तिथं काय अनुभव येतात हे सांगायला नको. राज्याच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानं इमारतीतली यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैमध्ये देणं मालकावर बंधनकारक केलं आहे. आपल्या सोसायटीच्या जिन्यातला लाल नळ शेवटचा कधी उघडला होता, हे आठवतंय का कुणाला? मालकानं दाखला ‘मॅनेज’ करायचा, विभागानं फाइल मिटवायची, आणि आगीच्या रात्री दोघांचं बिल ब्रँच धरलेल्या पोरावर फाडायचं, अशी ही रीत आहे. त्यात एप्रिल २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर पाच वर्षांहून जास्त काळ पालिकेवर प्रशासक राहिला. ज्याची कॉलर धरायची तो नगरसेवकच उरला नाही. मग गणवेशातला जो पहिला माणूस समोर येईल, तोच पालिका.

घाटी रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांना हे नव्यानं सांगायला नको. १९५६ पासूनच्या या रुग्णालयावर मराठवाड्यासह खानदेश-विदर्भाच्या सीमाभागाचा भार आहे. औषध बाहेरून आणायची चिठ्ठी लिहिणारा डॉक्टर नातेवाइकांना दिसतो. औषधखरेदी कुणी रखडवली ते दिसत नाही. २०१० मध्ये राज्यानं डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी स्वतंत्र कायदा केला, हल्ले थांबले नाहीत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालकं. त्यावर एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन कॅमेऱ्यासमोर स्वच्छतागृह साफ करायला लावलं. रागाला असा मान्यवर हात लागला की गल्लीतल्या हाताला वेगळं शिकवावं लागत नाही. १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. तिचे डॉक्टर-चालकही थेट सरकारचे नोकर नाहीत, शिव्या मात्र थेट सरकारच्या वाट्याच्या खातात.

हे आपल्याकडंच घडतं असंही नाही. लंडननं काटकसर म्हणून जानेवारी २०१४ मध्ये एका दिवसात दहा अग्निशमन केंद्रं बंद केली. जून २०१७ मध्ये ग्रेनफेल टॉवर पेटला, ७२ माणसं गेली. चौकशीच्या पहिल्या अहवालाचे ताशेरे अग्निशमन दलावर होते. ज्वलनशील आच्छादन विकणाऱ्या कंपन्या आणि डोळेझाक करणारी सरकारं यांच्यावर ठपका ठेवणारा दुसरा अहवाल यायला २०२४ चा सप्टेंबर उजाडला.

आपल्याकडं पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या काळासाठी देशभरातल्या अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणाला ५,००० कोटी ठेवले. त्यातून गाड्या येतील, शिड्या येतील, केंद्रं उभी राहतील; फिती कापल्या जातील, फोटो छापून येतील. एका बंबावर चालक, लीडिंग फायरमन आणि चार फायरमन धरले तर सहा माणसं. तीन पाळ्यांना अठरा. साप्ताहिक सुट्टी मिळवली की एकवीस, आणि आजारपण, रजा धरायच्या तर त्याहून जास्त. गाडीचे पैसे एकदाच लागतात, या एकवीस जणांचे दर महिन्याला. ते ३५ टक्क्यांत मोजले जातात.