स्वच्छतागृहाची नवी फरशी : टाइलखालचे काम

शाळेच्या इमारतीतील वर्गखोल्या, फळे व व्हरांडा यांकडे गावाचे लक्ष सहज जाते. स्वच्छतागृहाच्या जमिनीकडे मात्र क्वचितच कोणी पाहतो. ही जमीन ओली, निसरडी व दुर्गंधीयुक्त राहिली म्हणजे लहान मुले तेथे जाण्याचे टाळतात व त्यासाठी दिवसभर पाणीही कमी पितात. वयात येऊ लागलेल्या मुली महिन्यातील काही दिवस घरीच राहतात. हजेरीपटात गैरहजेरीची खूण उमटते, परंतु तिचे हे कारण तेथे लिहिले जात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या अनुसूचीत मुलांसाठी व मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे आवश्यक ठरविली आहेत. तथापि खोली स्वतंत्र बांधली एवढ्याने ती वापरण्याजोगी राहतेच असे नाही.

जुनी फरशी काढून तेथे सिरॅमिक टाइल बसविण्याचा ठराव आता अनेक ठिकाणी होतो. ठराव योग्यच आहे. परंतु पाणी कोणत्या दिशेस जाईल, ते मुरेल की वाहून जाईल, हे टाइलखालचे काम ठरविते. आणि ते काम एकदा झाकले गेले की कोणासही दिसत नाही. म्हणून मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने ते झाकण्यापूर्वीच पाहून घेणे अवश्य आहे.

जुनी फरशी का बिघडते

जुन्या शाळांतून बहुधा शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा आढळतो. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबाद गावावरून नाव पडलेली ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड होय. स्वच्छतेसाठी ओतले जाणारे हायड्रोक्लोरिक आम्ल चुनखडीवर पडताच फेस येतो. त्या फेसात कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो, आणि दगडाचा वरचा थर विरघळून पाण्याबरोबर वाहतो. डाग गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात दगडच गेलेला असतो. अशा प्रकारे दरवर्षी थोडी थोडी झिजून फरशी खडबडीत होते, तिच्या छिद्रांत घाण साचते, ती काढण्यासाठी आणखी आम्ल ओतले जाते आणि झीज वाढते. सिमेंटच्या सांध्यांचीही हीच गत होते. सांधे मोकळे झाले की पाणी खाली उतरते, भराव खचतो आणि फरशी हलू लागते.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दोष केवळ पृष्ठभागाचा नसून खालच्या भरावाचाही आहे. दुसरी, निगा राखण्याची पद्धत न बदलल्यास नवी जमीनही टिकणार नाही.

काढावी की झाकावी

वेळ व खर्च वाचावा म्हणून जुन्या फरशीवरच टाइल बसविण्याचा सल्ला अनेकदा मिळतो. त्यामुळे जमिनीची पातळी काही सेंटिमीटर वर येते. दार खाली घासू लागते आणि धुण्याचे पाणी उंबऱ्यावरून व्हरांड्यात येते. स्वच्छतागृहाची जमीन बाहेरच्या जमिनीपेक्षा थोडी खालीच असावी. तसेच हलणाऱ्या फरशीवर बसविलेली टाइल तिच्याबरोबर हलते व तडकते. सबब हलणारी फरशी उखडावी, भरावावर पाणी मारून तो धुमसाने चोपावा आणि त्यावर काँक्रीटचा थर घालावा. कोबा पक्का असून उंचीची अडचण नसेल, तर त्यावर टाचे मारून, तो धुऊन मगच पुढील काम करावे. गुळगुळीत पृष्ठभागावर नवा माल धरत नाही.

उतार व जाळी

साठ भाग लांबीस एक भाग उतार हे प्रमाण सोयीचे आहे. हात-पाय धुण्याची मोरी १८० सें.मी. लांब असून जाळी एका टोकाला असेल, तर दूरच्या टोकाची जमीन ३ सें.मी. उंच हवी. हा उतार टाइलखालच्या थरातच द्यावा. टाइल बसविताना तो साधू, असे गवंडी म्हणाल्यास ते मान्य करू नये. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांस धरून हा फरक शिक्षकासही तपासता येतो.

भिंत व जमीन मिळतात तेथे माल गोलसर भरावा, कारण पाणी बहुधा त्याच कोनातून शिरते. जलरोधक थर जमिनीवर व भिंतीच्या खालच्या भागावर अखंड लावावा. तो वाळल्यावर जाळीचे तोंड बोळ्याने बंद करून जमिनीवर पाणी भरावे, पातळीची खूण करावी आणि २४ तास थांबावे. पातळी लक्षणीय उतरली किंवा बाहेरून भिंत ओलसर दिसली, तर थर पुन्हा करून घ्यावा. या एका दिवसाची घाई पुढे अनेक वर्षे भोवते.

जाळीखालील नहाणी ट्रॅपमध्ये नेहमी थोडे पाणी साचून राहते. हे पाणी हेच गटारातील वायूस व झुरळांस रोखणारे झाकण होय. दीर्घ सुटीत ते आटते व दुर्गंधी सुटते. शाळा उघडताच प्रथम प्रत्येक जाळीत एक बादली पाणी ओतावे.

टाइलची निवड

भिंतीसाठी केलेली चकचकीत टाइल जमिनीवर कधीही वापरू नये. ती सच्छिद्र व तुलनेने नाजूक असते, आणि ओल्या पायाखाली निसरडी होते. जमिनीसाठी खरखरीत पृष्ठभागाची टाइल मागावी. ३० सें.मी. चौरस किंवा त्याहून लहान टाइल उताराशी चांगली जुळते आणि तिचे अधिक सांधे पायास धरही देतात. रंग मध्यम फिकट असावा. गडद रंगात घाण लपते व ती धुण्याचे राहून जाते.

टाइलची संख्या काढणे हे वर्गातील उत्तम उदाहरण आहे. १८० × १२० सें.मी. जमिनीस ३० सें.मी.च्या ६ × ४, म्हणजे २४ टाइल लागतात. तुटफुटीसाठी दहा टक्के धरल्यास २७ मागवाव्या लागतात. उरलेल्या जपून ठेवाव्या, कारण तोच रंग पुढे मिळेलच असे नाही.

बसविणे व सांधे

साधी सिरॅमिक टाइल सिमेंटच्या मालावर बसविण्यापूर्वी पाण्यात भिजवावी. कोरडी टाइल मालातील पाणी शोषते आणि सिमेंट नीट घट्ट होत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ शोषत नाही, म्हणून तिला टाइलसाठी मिळणारे चिकट मिश्रणच वापरावे. माल टाइलच्या संपूर्ण पाठीस लागला पाहिजे. केवळ चार कोपऱ्यांत गोळे ठेवून बसविलेली टाइल मध्ये पोकळ राहते. नाण्याने ठोकल्यास पोकळ टाइलचा आवाज निराळा येतो. अशी टाइल त्याच दिवशी काढून पुन्हा बसवावी. सांधे दोन ते तीन मिलिमीटर ठेवून ते पूर्ण भरून घ्यावेत. अखेरीस जमिनीवर गोटी ठेवून पाहावी. ती कोठूनही जाळीकडे घरंगळली पाहिजे.

निगा

टाइलवरील काचेसारख्या थरास आम्लाचा विशेष उपद्रव होत नाही, परंतु टाइलमधील सिमेंटचे सांधे मात्र आम्लाने झिजतात, आणि सांधे गेले की जुनाच प्रकार पुन्हा सुरू होतो. रोज साबणाचे पाणी व ब्रश पुरेसा आहे. आम्ल व ब्लीचिंग पावडर ही कधीही एकत्र करू नयेत; त्यांतून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. ही सूचना स्वच्छता करणाऱ्या व्यक्तीस समक्ष समजावून सांगावी.

कामाचा काळ

उखडण्याचे काम मुलांच्या उपस्थितीत करू नये. उन्हाळ्याच्या सुटीत वेळ पुरेसा मिळतो, परंतु सिमेंटच्या कामास किमान सात दिवस पाणी मारावे लागते. ज्या गावी मे महिन्यात पिण्याच्या पाण्याचीच ओढाताण असते, तेथे हे काम दिवाळीच्या सुटीत घेणे इष्ट. मुख्याध्यापकांस सर्व दिवस उभे राहणे शक्य नसते. तथापि भराव चोपताना, उतार मोजताना आणि पाणी भरून ठेवल्यानंतर दुसऱ्या दिवशी, अशा तीन वेळी तरी त्यांनी किंवा समितीच्या एका सदस्याने जागेवर हजर असावे. समितीवरील मातांपैकी एकीस यात अवश्य घ्यावे. मुलींच्या अडचणी तिला विचाराव्या लागत नाहीत. त्या तिला ठाऊक असतात.