राणीबागेत झाडं पाहायला

मी हिवरखेडहून बोलते आहे.

महालक्ष्मी सरसला आमच्या गटाचा स्टॉल लागला होता, मुंबईला. मूगवड्या, हळद, तूरडाळ. एका सकाळी मी म्हटलं, दोघी स्टॉलवर थांबा, बाकीच्या माझ्यासोबत भायखळ्याच्या राणीबागेत चला. तर आमच्या गटातली सगळ्यांत मोठी मावशी म्हणते, "अवं पोरी, झाडं पाहाले मुंबईले कोनी जाते का? आपल्या धुऱ्यावर कमी हायेत का?" बाकीच्यांना तिथले पेंग्विन पाहायचे होते, म्हणून तीही निघाली. पण तिचा प्रश्न खोटा नव्हता. आजचं बोलणं त्यावरच आहे.

राणीबाग म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. 1862 साली ही बाग उघडली. सुमारे 50 एकर जागा, ऐन मुंबईत. लोक तिला प्राण्यांची बाग समजतात, पण मुळात ती झाडांची बाग, म्हणजे वनस्पती उद्यान. साध्या बगिच्यात झाडं लावतात ती सावलीसाठी, शोभेसाठी. वनस्पती उद्यानात देशोदेशीची झाडं जमवतात, वाढवतात आणि कोणतं झाड कोणतं याची नोंद ठेवतात. राणीबागेत तीन हजारांच्या वर झाडं आणि त्यांच्या 286 जाती मोजल्या गेल्या आहेत. झाडावर पाटी असते. आमची खरी सहल त्या पाटीपाशीच झाली.

पाटीवर मराठी नावासोबत दोन शब्दांचं एक अवघड नाव असतं. ते शास्त्रीय नाव. पहिला शब्द आडनावासारखा, दुसरा त्या झाडाच्या स्वतःच्या नावासारखा. 1753 साली स्वीडनच्या लिनियसनं आपल्या ग्रंथात झाडांना अशी दोन शब्दांची नावं दिली, आणि तीच रीत जगभर चालली. याची गरज काय? आपण ज्याला तरोटा म्हणतो, पावसाळ्यात ज्याची भाजी करतो, त्याला कोकणात टाकळा म्हणतात. एकाच झाडाची दोन नावं झाली तर फार बिघडत नाही, भाजी तीच. पण दोन झाडांना एकच नाव पडलं, तर बिघडतं.

आमच्या गावातली गोष्ट सांगते, नाव सांगत नाही. एका वहिनीला पाळीत फार रक्त जायचं. कोणीतरी सांगितलं, अशोकाची साल उकळून घे. शाळेच्या कुंपणाला उंच, सरळ, हिरवेगार अशोक रांगेनं उभे आहेत. तिनं त्यांचीच साल काढली आणि तीन महिने काढा घेतला. लाजेपायी घरात बोलली नाही. बैठकीत चक्कर येऊन पडली तेव्हा कळलं. हिमोग्लोबिन सहावर आलं होतं, रक्त चढवावं लागलं.

राणीबागेत आम्ही सीता अशोकाच्या पाटीपुढे उभ्या राहिलो आणि ती वहिनी माझ्या बाजूलाच होती. पाटीवर नाव होतं सराका असोका. आयुर्वेदात बायकांच्या आजारासाठी ज्याची साल सांगितली आहे, तो हा. झाड मध्यम उंचीचं, डेरेदार. एका देठावर पानांच्या जोड्या. कोवळी पानं तांबूस आणि खाली लोंबणारी. फुलं केशरी, गुच्छानं येतात, खोडालाही फुटतात, पुढे लाल होतात. शाळेच्या कुंपणाचा अशोक तो वेगळाच. त्याची पानं लांबट, कडा लाटेसारख्या, फुलं हिरवट, पटकन दिसतही नाहीत. त्याला खोटा अशोक म्हणतात. नावापलीकडे दोघांचं नातं नाही. वहिनी बराच वेळ पाटी वाचत राहिली. मग एवढंच म्हणाली, "म्हणजे मी तीन महिने कायचं पानी पेली?"

आता नीट ऐका. खरा अशोक सापडला म्हणून त्याची साल सोलायला जाऊ नका. जास्त रक्त जाण्याची कारणं अनेक असतात, गाठ असू शकते. आधी दवाखाना, रक्ताची तपासणी. काढा घ्यायचाच तर जाणत्या वैद्याला विचारून.

बाकी बागेत कैलासपती पाहिला. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, फुलं आणि तोफेच्या गोळ्यासारखी फळं थेट खोडावर. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंचही पाहिली. तिच्या फुगीर खोडात पाणी साठतं, पांढरी फुलं रात्री उमलतात आणि त्यांच्यावर वटवाघळं येतात. पेंग्विनजवळ मात्र एवढी गर्दी की आमच्या वाट्याला लोकांच्या पाठीच आल्या.

ही झाडं आज उभी आहेत त्यामागे बायकाही आहेत. 2007च्या सुमारास इथलं प्राणिसंग्रहालय मोठं करायचा आराखडा पुढे आला. झाडं जातील म्हणून मुंबईतल्या काही जणींनी ती मोजली, नावानिशी नोंदली आणि त्या नोंदीवर आपली बाजू लढवली. आपण गटात वही ठेवतो ना, तसंच.

तुम्हाला जायचं असेल तर भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरा, तिथून चालत जाता येतं. बुधवारी बाग बंद असते. सकाळी लवकर जा, वही-पेन घ्या, पाटीचा फोटो काढा आणि त्याच झाडाच्या पानाचाही काढा, नाहीतर घरी आल्यावर कोणती पाटी कोणाची ते कळत नाही. आमची तीच फजिती झाली. मुंबई जमत नसेल तर अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन वनौषधी उद्यान आहे. गटानं जायचं तर आधी विचारून वेळ घ्या.

परतीच्या गाडीत मावशी म्हणाली, "समदं पाह्यलं, पन आपला हिवर नाई दिसला." डब्यात आमच्या दोन तरण्या पोरी होत्या, हिवरखेडच्याच. हिवर म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं. गावी आल्यावर मावशीनं नाल्याच्या काठी नेऊन दाखवला: पांढरट साल, काट्यांच्या सरळ जोड्या, शेंगा बकऱ्यांच्या आवडीच्या. शास्त्रीय नाव व्हॅचेलिया ल्युकोफ्लोइया, जुन्या पुस्तकांत अकेशिया. ल्युकोफ्लोइया म्हणजे पांढऱ्या सालीचा. मावशीची खूण तीच होती.

आम्ही पत्र्यावर पाटी रंगवली आणि तारेनं सैल बांधली. खिळा ठोकायचा नाही, झाडाला इजा होते. दुसरी पाटी कोणाला लावायची यावर बैठकीत अजून वाद चालू आहे. मावशी म्हणते तरोट्याले लावा. पण तो दिवाळीपर्यंत वाळून जातो, पाटी बांधायची कशाला?