ग्रिलवरचा गुलाब

ऑक्टोबर हीट ओसरली, सकाळी बाइकवर चाकणला निघताना जॅकेटची आठवण व्हायला लागली, की गुलाबाचा सीझन सुरू! आता दिघीतल्या टॉवर्सच्या बाल्कन्या बघा. मनीप्लँट, तुळस, वाळत घातलेले युनिफॉर्म. खाली पाय ठेवायला जागा नाही, हे कबूल. पण वर? ग्रिल तर रिकामंच आहे. छोट्या चणीचा वेलगुलाब तिथे झकास बसतो.

फक्त नेटवरचे फोटो बघून हुरळून जाऊ नका. 'थंडीला दणकट' म्हणून कौतुक होणारे वेलगुलाब आपल्यासाठी बनलेलेच नाहीत. कॅनडाच्या सरकारी कृषी संशोधकांनी 'एक्स्प्लोरर' मालिकेत 'जॉन कॅबट' (१९७८), 'विल्यम बॅफिन' (१९८३) असे गुलाब काढले, ते शून्याखाली तीस अंशांतही टिकावेत म्हणून. आपल्याकडे जानेवारीत पारा दहाच्या आसपास आला तरी ऑफिसमध्ये दिवसभर तोच विषय! इथे थंडी गुलाबाला मारत नाही, फुलवते. त्याचा जीव घेतो तो एप्रिल-मे.

म्हणून वेल निवडताना दोनच गोष्टी बघा. उंची सहा-सात फुटांच्या आत हवी आणि तो पुन्हापुन्हा फुलणारा हवा. वर्षातून एकदाच फुलणारे थोराड वेल बंगल्याच्या गेटवर शोभतात. ब्रिटनमध्ये ख्रिस वॉर्नर यांनी काढलेला केशरी 'वॉर्म वेलकम' किंवा अमेरिकेत राल्फ मूर यांचा लाल 'रेड कॅस्केड' (१९७६) ही छोट्या पानाफुलांची जात. 'क्लायंबिंग आइसबर्ग' (१९६८) मूळचा बराच उंच जातो. पण काटे कमी, शिवाय मोठ्या कुंडीत आवरता येतो. नर्सरीत नावाची पाटी बहुतेक वेळा गायबच असते. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत, झाड फुलावर असतानाच घ्या. जे दिसतं ते मिळतं. बुंध्याशी कलमाची गाठ बघून घ्या. तिच्या खालून येणारा फुटवा रानटी खुंटाचा, तो मुळापासून ओढून काढायचा. नाहीतर वर्षभरात कलम गायब आणि जंगल हजर.

कुंडी सोळा इंचांची. लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत, थोडं कोकोपीट, मूठभर निंबोळी पेंड. ऊन पाच-सहा तास, शक्यतो सकाळचं. पश्चिमेची बाल्कनी असेल तर मेमध्ये कुंडीच तापते आणि मुळं भाजतात. कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हापासून बादलीचा हिशेब सगळ्यांनाच कळलाय. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी कुंडीला चालतं, साबणाचं नाही. मातीवर वाळक्या पानांचा थर दिला, की एक पाणी वाचतं.

आता खरी गंमत. वेलगुलाब सरळ वर जाऊ दिला, तर फुलं फक्त शेंड्याला येतात, म्हणजे वरच्या मजल्यावरच्यांना! शेंड्याचा डोळा खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच फांदी आडवी वाकवून बांधली, की तिच्या अंगभर डोळे फुटतात आणि प्रत्येक फुटव्यावर कळी. फांदी कोवळी, लवचिक असतानाच वाकवायची. जून झाली की कडकन मोडते. बांधायला जुन्या टीशर्टच्या पट्ट्या वापरा, तार नको. छाटणी दसऱ्याच्या आसपास. मुख्य फांद्यांना हात लावायचा नाही, बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर कापायचे. पहिल्या दोन वर्षांत तर कात्री जपूनच. दीड-पावणेदोन महिन्यांत बहर येतो.

थंडीत पानांवर पांढरी भुकटी दिसली, तर ती भुरी. पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम फवारा, पण कडक उन्हात मुळीच नाही. पालखी मॅगझीन चौकातून पुढे गेली, की पावसाळा लागलाच. मग काळे ठिपके. ती पानं तोडून कचऱ्यात टाका, कुंडीत नाही. लाल कोळी येतो उन्हाळ्यात, पानांच्या खालच्या बाजूला. पाण्याचा जोरदार फवारा सकाळी मारा.

राहिला भाड्याच्या घराचा प्रश्न. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आणि वेल अंगात यायला दोन वर्षं! त्यामुळे सोसायटीच्या ग्रिलला काही बांधूच नका. बांबूची चार-पाच फुटी शिडी कुंडीतच रोवा आणि वेल तिच्यावर नागमोडी फिरवा. ग्रिलला फक्त शिडी टेकवायची, म्हणजे वाऱ्याने कुंडी कलंडत नाही. घर बदलायची वेळ आली, की आदल्या दिवशी पाणी तोडा, फांद्या जुन्या ओढणीने शिडीला गुंडाळा आणि कुंडी टेम्पोत सर्वांत शेवटी चढवा. म्हणजे नव्या घरी ती सर्वांत आधी उतरेल.