ईएमआय नको, भाव बोला!

शोरूमच्या एसीत बसलं की सात वर्षांचं कर्जही पिटुकलं दिसायला लागतं. ते पुन्हा खऱ्या मापात दिसावं म्हणून मला पारशिवनीहून बाबांना आणावं लागलं.

"सर, तुमचं मंथली बजेट किती?"

नागपुरातल्या एका चकाचक शोरूममध्ये, हातात फुकटची कॉफी असताना, मला हा प्रश्न विचारला गेला. मीही ऐटीत सांगून टाकलं, "दहा-बारा हजार चालतील." झालं! सौदा सुरू होण्याआधीच मी हरलो होतो. फक्त ते मला कळलं नव्हतं.

नोकरी मिहानमध्ये, खोली नागपुरात आणि घर पारशिवनीला. दर शनिवारी चाळीसेक किलोमीटर बाइकवरून जायचं. पावसाळ्यात कन्हानचा पूल येईपर्यंत रेनकोटच्या आतही सगळा चिंब. त्यात आईचा गुडघा. तिला नागपूरला डॉक्टरकडे आणायचं म्हणजे एसटीच्या पायऱ्या आणि परतीच्या गाडीचं टेन्शन. तेव्हा गाडी ही चैन नव्हती हो, गरज होती. आणि गरजू गिऱ्हाईक सेल्समनला लांबूनच ओळखू येतं.

दिवाळी तोंडावर आलेली. पेट्रोल हॅचबॅक, एक्स-शोरूम सात लाख. सेल्समननं कागदावर भराभर आकडे मांडले. ऑन-रोड 8 लाख 60 हजार, डाउन पेमेंट 1 लाख 60 हजार, बाकी सात लाखांचं कर्ज, साडेनऊ टक्के, सात वर्षं. "हप्ता फक्त 11 हजार 441, सर. दिवसाला चारशेसुद्धा नाही!"

मी पेन उचललं. शेजारी बसलेल्या बाबांनी तेव्हाच तोंड उघडलं.

"हे सारं ठीक आहे, पन गाडी केवढ्याची पडली?"

"काका, हप्ता फक्त..."

"हप्ता नाही इचारला मी. भाव इचारला."

मोबाइलवर 11,441 गुणिले 84 केलं. 9 लाख 61 हजार. त्यात डाउन पेमेंट मिळवलं. 11 लाख 21 हजार! सात लाखांची गाडी माझ्या दारात येईपर्यंत सव्वाअकरा लाखांच्या घरात जाणार होती. त्या डाउन पेमेंटमधले एक लाख तर बाबांची एफडी मोडून येणार होते. शेतात नवी बोअर मारायला ठेवलेली एफडी. त्याबद्दल बाबा एक शब्दही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. मी पेन खाली ठेवलं.

बैलबाजाराचा धडा

परत येताना बाबांनी त्यांचं एमबीए सांगितलं. आयुष्यभर मिरची-कापूस विकलेला आणि बैलबाजारात जोड्या घेतलेला माणूस. "बैलाचा भाव सुरू असताना म्हशीची गोष्ट नाही काढाची. दोन्ही सौदे एकत्र केले का आपन कुठी मार खाल्ला, तेच समजत नाही."

विचार करा, शोरूममध्ये नेमकं हेच होतं. आपल्याला वाटतं आपण एक गाडी घेतोय. प्रत्यक्षात टेबलावर तीन सौदे असतात : गाडी, कर्ज आणि इन्शुरन्स. तिन्ही मिळून एकच हप्ता सांगितला की एकात दिलेली सूट दुसऱ्यात गुपचूप वसूल करता येते. हप्ता कमी हवा? दोन वर्षं वाढवा! हप्ता घटतो, व्याज वाढतं, आणि गिऱ्हाईक खूश.

आपल्या आधीच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता म्हणा. 1983 मध्ये मारुती 800 आली तेव्हा किंमत साधारण 47,500 रुपये होती, आणि गाडीसाठी नंबर लावून वाट बघावी लागे. तिथं घासाघीस कुठली करता? आज शोरूमला आपली गरज आहे. पण आपण अजूनही नंबर लागल्यासारखेच बसतो.

ऑन-रोड नावाची मिसळ

घरी येऊन कोटेशनची एकेक ओळ काढली. रोड टॅक्स 77 हजार. महाराष्ट्रात खासगी पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के लागतो, तिथं वाद नाही. नोंदणी, आरसीवर बँकेचा बोजा चढवणं आणि फास्टॅग मिळून साडेतीन हजार, तेही मान्य. मग गंमत सुरू झाली. इन्शुरन्स 42 हजार. अ‍ॅक्सेसरी किट 18 हजार. एक्स्टेंडेड वॉरंटी 13 हजार. हँडलिंग चार्जेस साडेसहा हजार. कसलं हँडलिंग, हे विचारल्यावर उत्तर नाही, नुसतं स्मितहास्य.

इन्शुरन्सचं तर बहुतेकांना माहीतच नसतं. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सप्टेंबर 2018 पासून सक्तीचा आहे. पण तो शोरूममधूनच घ्या, अशी सक्ती नाही. तेवढीच आयडीव्ही, तेच झीरो डेप्रिसिएशन कव्हर बाहेर मला 30 हजारांत मिळालं. बारा हजार वाचले, दोन फोन आणि एका ई-मेलमध्ये.

आणि ती "स्पेशल सूट"? कोटेशनमध्ये जीएसटी बेनिफिट म्हणून मोठ्या अक्षरांत छापलेली होती. अहो, 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी 28 टक्के अधिक सेसवरून 18 टक्क्यांवर आला. ती सूट सरकारनं दिलेली. शोरूमच्या खिशातून त्यात एक रुपया गेलेला नाही. शोरूमची सूट वेगळी मागायची असते.

बँकेत आधी, शोरूममध्ये नंतर

मग पगाराचं खातं असलेल्या बँकेत गेलो. पाच वर्षांसाठी नऊ टक्के, प्रोसेसिंग फी सणाच्या ऑफरमध्ये माफ. ही ऑफर मार्चएंडपर्यंत होती, हे नशीब. दुसऱ्या एका फायनान्सवाल्यानं "फक्त साडेपाच टक्के" म्हटल्यावर मी उडालोच. नीट विचारलं तर तो फ्लॅट रेट निघाला. म्हणजे आपण मुद्दल फेडत जातो, पण व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत पहिल्याच रकमेवर. पाच वर्षांसाठी साडेपाच टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकीवर जवळपास दहा टक्के! स्वस्त दिसणारं कर्ज एक टक्क्यानं महाग होतं.

यावर एक सोपा उपाय आहे. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांनी नव्या किरकोळ कर्जासाठी की फॅक्ट स्टेटमेंट द्यायचं, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करायची. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड किती, तेही तिथंच बघायचं. कार लोन बहुधा फिक्स्ड रेटचं असतं आणि त्यावर असा दंड लागू शकतो.

हप्त्याची रंगीत तालीम

पण एफडी मोडायची नाही, तर डाउन पेमेंटचं काय? माझे स्वतःचे साठ हजारच होते. तेव्हा ठरवलं, सहा महिने गाडी आली असंच समजायचं. पगार झाला की साडेतेरा हजार आरडीत. बोलायला सोपं, पण तिसऱ्या महिन्यात एका मित्राचं लग्न आलं आणि चौथ्यात बाइकचा टायर. धरमपेठेतली शनिवारची पार्टी बंद झाली, आईला एसटीनंच आणलं. प्रत्येक वेळी तिला पायरी चढताना बघून वाटायचं, मारावी का सही? पण सहा महिन्यांत 81 हजार जमले. आणि हप्ता आपल्याला झेपतो, हे कागदावर नाही तर पोटावर कळलं.

मार्चएंडचा सौदा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा त्याच शोरूममध्ये. टार्गेट पूर्ण करायची घाई यावेळी त्यांना होती. जानेवारीत किंमत थोडी वाढली होती, पण मागच्या सालची बनावट असलेली एक गाडी यार्डात उभी होती. आरसीवर बनावटीचा महिना आणि साल येतं, उद्या विकताना त्याचा भाव पडतो, हे मी बोलून दाखवलं. जुनीच किंमत आणि वर वीस हजार सूट मिळाली. किट नको, वॉरंटी आत्ता नको, इन्शुरन्स बाहेरचा, कर्ज मंजूर. हँडलिंग चार्जेस त्यांनी स्वतःच खोडले.

एकूण 7 लाख 90 हजार 500. कर्ज साडेसहा लाख, पाच वर्षं, हप्ता 13 हजार 493. पहिल्या कोटेशनपेक्षा महिन्याला दोन हजार जास्त, पण सगळं मिळून 9 लाख 50 हजार. म्हणजे 1 लाख 71 हजार वाचले आणि दोन वर्षं आधी मोकळा. बाबांची एफडी जागच्या जागी.

सहीआधी एवढं कराच

• मंथली बजेट सांगू नका. आधी गाडीचा भाव, मग बाकी सगळं.
• कोटेशन ओळवार आणि लेखी मागा. नको ती ओळ खोडायला लावा.
• कर्ज आणि इन्शुरन्सचा किमान एकेक दर बाहेरून खिशात ठेवा.
• पैसे भरण्याआधी चेसिस नंबर आणि बनावटीचा महिना विचारा.
• होणारा हप्ता आधी सहा महिने आरडीत भरून बघा.
• कर्ज फिटल्यावर बँकेकडून एनओसी आणि फॉर्म 35 घ्या, आरटीओत जाऊन बोजा उतरवा.

गाडी दारात आली, एमएच 40 ची पाटी लावून. आई पुढच्या सीटवर बसली, गुडघा न दुमडता. मे महिन्यात त्या एफडीतून बोअर लागली. गावात पानठेल्यावर कुणीतरी बाबांना विचारलंच, "का बापा, पोराच्या गाडीचा हप्ता किती बसला?"

बाबा सुपारी कातरत म्हणाले, "हप्ता कायले इचारतं? भाव इचार ना!"