लिनक्सची जुनी आवृत्ती व नवी यंत्रसामग्री

लिनक्स या प्रचालन प्रणालीची पूर्वी प्रसृत झालेली आवृत्ती तिच्यानंतर निर्माण झालेल्या, व म्हणून तिला अपरिचित असलेल्या, संगणकावर चालविण्याचा प्रश्न प्रयोगशाळा, कारखाने व कार्यालये यांच्यापुढे वरचेवर उभा राहतो. संगणक काही वर्षांत नादुरुस्त होतो व त्याचे सुटे भाग मिळेनासे होतात. परंतु त्यावरील आज्ञावलीचे उपयुक्त आयुष्य पुष्कळदा त्याहून मोठे असते. एखाद्या मापन उपकरणाची नियंत्रक आज्ञावली विशिष्ट आवृत्तीवरच पारखून प्रमाणित केलेली असते, तिचा निर्माता व्यवसायातून निघून गेलेला असतो, किंवा जुन्या निरीक्षणांचे विश्लेषण पूर्वीच्याच साधनांनी पुन्हा करून पाहणे आवश्यक असते. अशा वेळी यंत्र नवे व प्रणाली जुनी, अशी जोडी जमवावी लागते.

प्रणालीची रचना : काटेकोर अर्थाने लिनक्स हे नाव प्रणालीच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, आहे. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी हेलसिंकी विद्यापीठात विद्यार्थी असताना १९९१ मध्ये इंटेलच्या ८०३८६ या प्रक्रियकासाठी तो लिहिला. स्मृती, चकती, पडदा, कळफलक इ. घटकांशी होणारा सर्व व्यवहार गाभ्यामार्फत चालतो. गाभा, त्यावरील आज्ञावली-संग्रह आणि उपयोजन आज्ञावल्या एकत्र करून जो संच वापरणाऱ्यास दिला जातो त्यास वितरण म्हणतात. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सच्या ५ (२००७), ६ (२०१०) व ७ (२०१४) या आवृत्त्या अनुक्रमे २.६.१८, २.६.३२ व ३.१० या गाभ्यांवर आधारलेल्या आहेत. वितरणाचा मूळ गाभा असा त्याच्या जन्मकाळाशी बांधलेला असतो. यंत्रसामग्री मात्र पुढे जात राहते.

यंत्राची ओळख : संगणकातील पीसीआय जोडणीवरील प्रत्येक घटक उत्पादक व उपकरण दर्शविणारे प्रत्येकी १६ बिटांचे दोन क्रमांक बाळगतो. इंटेलचा उत्पादक क्रमांक षोडशमान पद्धतीत ८०८६ असा आहे. गाभ्यातील चालक आज्ञावलीत, म्हणजे ड्रायव्हरमध्ये, तिला ठाऊक असलेल्या क्रमांकांची यादी असते. नव्या घटकाचा क्रमांक त्या यादीत नसेल, तर घटक निर्दोष असूनही गाभा त्याच्या वाटेस जात नाही. क्वचित यादीत क्रमांक घातल्याने काम भागते. परंतु बहुधा घटकाची अंतर्गत रचनाही बदललेली असल्याने चालक आज्ञावलीच नवी लागते. याउलट, प्रक्रियकांचे उत्पादक जुना आज्ञासंच जपत आले आहेत. जुना गाभा नव्या प्रक्रियकावर मुळात सुरू होऊ शकतो, तो यामुळेच.

अडचणींचे स्वरूप : पहिली अडचण संगणक सुरू होतानाच येते. बायॉस या प्रारंभक आज्ञावलीची जागा आता यूईएफआयने घेतली आहे, आणि २०२० पर्यंत जुन्या पद्धतीचा आधार काढून टाकण्याचा मनोदय इंटेलने २०१७ मध्ये जाहीर केला होता. केवळ बायॉससाठी बेतलेली आवृत्ती अशा यंत्रावर सुरूच होत नाही. ‘सिक्युअर बूट’ ही तपासणी चालू असल्यास मान्य अंकीय स्वाक्षरी नसलेली आवृत्तीही नाकारली जाते. ती चालविण्यासाठी तपासणी बंद करावी लागते.

दुसरी अडचण यूएसबीची होय. यूएसबी ३.० च्या एक्सएचसीआय नियंत्रकाचा आधार लिनक्समध्ये २.६.३१ (२००९) या गाभ्यापासून आला. इंटेलने २०१५ च्या ‘स्कायलेक’ पिढीबरोबर दिलेल्या पूरक चिपसंचांतून पूर्वीचा ईएचसीआय नियंत्रक काढून टाकला. त्यामुळे त्याहून जुना गाभा अशा यंत्रावर एक चमत्कारिक दृश्य दाखवितो. यूएसबी साधनावरून गाभा स्मृतीत येतो, कारण ते काम यंत्राची प्रारंभक आज्ञावली करते. परंतु गाभ्याने ताबा घेताच तेच साधन आणि कळफलक दोन्ही त्याला दिसेनासे होतात.

चकतीच्या बाबतीतही असेच घडते. एनव्हीएमई पद्धतीच्या घन-अवस्था संचयकाचा आधार ३.३ (२०१२) या गाभ्यात प्रथम आला. त्यापूर्वीच्या मूळ गाभ्यास संगणकात चकतीच नाही असे वाटते. अनोळखी चित्रप्रक्रियकावर चित्र कसेबसे उमटते, पण ते कमी स्पष्टतेचे व संथ असते. बिनतारी जोडणीच्या घटकांना गाभ्याबरोबर योग्य फर्मवेअर फाइलही लागते. इंटेलच्या एएक्स२०० या घटकास ५.१ (२०१९) किंवा त्यापुढचा गाभा हवा. २०२१ च्या ‘अल्डर लेक’मध्ये एकाच प्रक्रियकात भिन्न क्षमतेची दोन प्रकारची गाभाकेंद्रे आहेत. हा भेद न जाणणारी प्रणाली चालते, परंतु कामाची वाटणी योग्य करीत नाही.

उपाय : उपाय निवडताना लिनक्सचा एक विशेष ध्यानात घ्यावा लागतो. गाभा व उपयोजन आज्ञावल्या यांमधील संकेत मोडावयाचे नाहीत, हा टॉरव्हाल्ड्स यांचा कटाक्ष आहे. गाभ्याच्या पोटातील संकेत मात्र आवृत्तीगणिक बदलतात. म्हणून जुन्या आज्ञावल्यांखाली नवा गाभा घालणे तुलनेने सोपे, तर जुन्या गाभ्यात नवी चालक आज्ञावली बसविणे कष्टाचे ठरते.

यांपैकी पहिला मार्ग काही वितरणे स्वतःच देतात. उबुंटू २२.०४ ही आवृत्ती ५.१५ गाभ्यासह निघाली. पुढे तिच्यासाठी ६.८ गाभाही उपलब्ध करण्यात आला. रेड हॅट कुटुंबातील वितरणांसाठी ईएलरेपो हा प्रकल्प नवे गाभे व चालक आज्ञावल्या पुरवितो. दुसऱ्या मार्गास बॅकपोर्ट म्हणतात. रेड हॅटने ६.५ (२०१३) मध्ये २.६.३२ या जुन्या गाभ्यातच एनव्हीएमईचा आधार आणला, तो याच रीतीने. तिसरा मार्ग साधा आहे : सोय असल्यास जुन्या प्रणालीस परिचित असे जाळेकार्ड किंवा साटा चकती नव्या संगणकात बसविता येते.

चौथा मार्ग आभासी यंत्राचा. नव्या संगणकावर नवी प्रणाली चालवून तिच्या आत जुनी प्रणाली ठेवली जाते. केव्हीएम ही त्यासाठीची सोय २.६.२० (२००७) पासून गाभ्यातच आहे. क्यूईएमयू ही आज्ञावली पाहुण्या प्रणालीस १९९६ च्या इंटेल ४४०एफएक्स चिपसंचाचे रूप दाखवू शकते, त्यामुळे जुन्या प्रणालीस अनोळखी असे फारसे काही उरत नाही. जिनीव्हाजवळील सर्न येथील लेप त्वरकावरील (१९८९–२०००) प्रयोगांची निरीक्षणे पुढेही वाचता यावीत यासाठी हाच मार्ग उपयोगी पडला आहे. मात्र विशेष जोडकार्ड लागणाऱ्या किंवा अचूक कालनियंत्रणावर अवलंबून असणाऱ्या उपकरणांसाठी तो नेहमी पुरेसा ठरत नाही.

कंटेनर या पद्धतीत केवळ वरचे थर जुने असतात व गाभा यजमान संगणकाचाच वापरला जातो. येथे उपरोक्त संकेताचा अपवादही दिसतो : सेंटओएस ६ चे कंटेनर व्हीसिसकॉल ही जुनी सोय बंद असलेल्या नव्या गाभ्यावर कोसळतात; ती सोय अनुकरणाने पुन्हा चालू केल्यास चालतात.

सुरक्षितता : प्रणाली सुरू झाली म्हणजे ती सुरक्षित झाली असे नव्हे. सेंटओएस ७ च्या दुरुस्त्या ३० जून २०२४ रोजी थांबल्या. ‘डर्टी काऊ’ हा दोष २००७ च्या २.६.२२ गाभ्यापासून असूनही २०१६ मध्ये उघडकीस आला व दुरुस्त झाला. ज्या आवृत्तीच्या दुरुस्त्या थांबल्या आहेत तिच्यातील असे दोष उघड झाल्यावरही तसेच राहतात. म्हणून अशी प्रणाली सार्वजनिक जाळ्यापासून अलग ठेवणे, तिच्यावर अनावश्यक सेवा न चालविणे आणि तिची संपूर्ण प्रत जपून ठेवणे अगत्याचे असते.

नेमका कोणता थर जुना हवा, हे प्रथम ठरविल्यास पुष्कळसे श्रम वाचतात. केवळ उपयोजन आज्ञावली जुनी हवी असेल, तर नवा गाभा किंवा कंटेनर पुरतो. संपूर्ण प्रणाली जशीच्या तशी हवी असेल, तर आभासी यंत्र योग्य. आणि जुना गाभा प्रत्यक्ष यंत्रावरच हवा असेल, तर त्याच्या परिचयाची यंत्रसामग्री ती मिळते आहे तोवरच घेऊन ठेवणे, हाच खात्रीचा मार्ग होय.