एक कुपी आणि सात नाकं

सुवासाच्या बाबतीत दुसऱ्याच्या साक्षीवर विसंबू नये, हे शहाणपण मला गेल्या दिवाळीत आले. आणि तेही सत्तरी जवळ आल्यावर!

त्याचे असे झाले. परदेशी असलेला आमचा पुतण्या वसुबारसेला लातुरास आला आणि "काकू, ही खास तुमच्यासाठी," म्हणून त्याने सुगंधाची एक कुपी माझ्या हातावर ठेवली. खोक्यावर दोन फुले रंगविलेली होती, गुलाब आणि व्हायोलेट. पहिल्याशी जन्माची ओळख. दुसरे आम्ही फक्त कादंबऱ्यांत वाचलेले. मनगटावर जरासा फवारा मारला. गुलाब आला खरा. पण देवाच्या तबकातला ओला, टवटवीत गुलाब तो नव्हे. हा कोरडा, मऊ, पिठूळ. लहानपणी आईचा पावडरचा डबा उघडला की यायचा, अगदी तसा.

"पावडरीचा वास आहे," मी म्हटले, आणि वादाला तोंड फुटले.

"छे हो आई, हा तर लिपस्टिकचा वास," सूनबाई म्हणाली. नातीने मनगटाला नाक टेकवून "खोडरबर!" असा निकाल दिला. आमच्या 'ह्यां'ना पानातला गुलकंद आठवला. थोरल्या जाऊबाई मात्र डोळे मिटून बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वेखंड गं. बाळाला न्हाऊ घालून वेखंड लावलं की त्याच्या मानेला येतो ना, तो." घरातली सारी बाळंतपणे जाऊबाईंनी निस्तरलेली, त्यांच्या नाकाला दुसरे काय आठवणार?

लातूरच्या गंजगोलाईत सोळा रस्ते एका जागी येऊन मिळतात. आमच्याकडे एका मनगटापासून सोळा रस्ते फुटायची वेळ आली!

मग मी थोडे वाचन केले, आणि गंमत अशी की बहुतेक सगळ्यांचेच काही ना काही खरे निघाले. युरोपात तोंडाच्या पावडरींना आणि ओठांच्या रंगांना पूर्वीपासून गुलाब आणि व्हायोलेट यांचाच वास देत. त्यामुळे ही जोडी नाकाशी आली की मन पावडर किंवा लिपस्टिक म्हणते. पावडरीत आयरिस नावाच्या फुलझाडाचे कंदही दळून घालीत. ते दोन-तीन वर्षे सुकवले म्हणजे त्यांना व्हायोलेटसारखा सुवास चढतो. १९८३ साली निघालेला 'पॅरिस' हा प्रसिद्ध फ्रेंच सुगंध याच दोन फुलांच्या जोडीवर उभा आहे. आपल्या उटण्याचे तरी निराळे काय? चंदन, वाळा, नागरमोथा, कापूरकचरी आणि वाळलेल्या गुलाबपाकळ्या. आपण नरकचतुर्दशीला पहाटे अंगाला चोळतो तो पिठूळ गुलाबच की!

आणखी एक गोष्ट वाचून तर मी थक्क झाले. खऱ्या व्हायोलेटचे अत्तर फार महाग पडे. १८९३ साली टीमान आणि क्रूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्या फुलाचा वास प्रयोगशाळेत तयार केला. त्या द्रव्याचे नाव आयोनोन. ते कशापासून बनविले? सिट्रलपासून; म्हणजे आपल्या गवती चहाला ज्याचा वास येतो, त्याच द्रव्यापासून! पुढे केरळातल्या गवती चहाचे तेल या कामासाठी परदेशी जाऊ लागले. तेव्हा आपण ज्याला विलायती फूल म्हणून नाक उडवतो, त्याचे मूळ आपल्या परसातले असू शकते.

भाऊबीजेला मी माहेरी, नांदेडला निघाले. कुपी पर्समध्ये होती. चाकूर, अहमदपूर, लोहा करीत एस.टी. पोचेपर्यंत शेजारच्या दोन बायकांनी "कुठलं अत्तर हो?" म्हणून विचारलेच.

भावाने मात्र वास घेताच तोंड वाकडे केले. "ताक सांडलंय का गं? आंबट वास यायलाय!" मला राग आला; पण दोष त्याचा नव्हता. २०१३ साली न्यूझीलंडमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की या आयोनोनचा एक प्रकार काहींना फुलासारखा तर काहींना चक्क व्हिनेगरसारखा आंबट वाटतो, आणि हा फरक मुख्यतः एका जनुकामुळे पडतो. एका आईची दोन लेकरे, आणि नाके मात्र दोन तऱ्हांची!

दुसऱ्या दिवशी इतवाऱ्यातल्या जुन्या अत्तरवाल्या चाचांना कुपी दाखवली. त्यांनी कागदाच्या कपट्यावर थेंब घेतला, हलवला आणि म्हणाले, "गुलाब और बनफ्शा. मगर तेल नहीं है, बाई, उड़ जाएगा." बनफ्शा! लहानपणी सर्दी झाली की हकिमांच्या काढ्यात पडायचा तो बनफ्शा म्हणजेच व्हायोलेट. इतकी वर्षे ते फूल मी प्यायले होते आणि ओळखत नव्हते. तेलाचेही त्यांनी समजावले. आपले अत्तर चंदनाच्या तेलात उतरवतात, म्हणून ते अंगाला धरून राहते. परदेशी सुगंध अल्कोहोलमध्ये, म्हणून तो लवकर उडतो. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानच्या आईने, अस्मत बेगमने लावला, असे खुद्द जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. गरम गुलाबपाण्यावर तरंगणारी साय तिने गोळा केली होती.

सहा नाके झाली. सातवे माझ्या आत्याचे.

आत्या पंच्याऐंशी ओलांडून गेली आहे. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादची अत्तराची हौस आमच्या घरातही शिरली होती. आजोबा दर दिवाळीला मुलींसाठी तिथून अत्तर आणीत. कानात फाया घालून मिरवणारी आत्या १९६१ साली, बाविसाव्या वर्षी विधवा झाली. कुंकू गेले, फुले गेली, त्यांच्याबरोबर अत्तरही गेले. १९७८ साली माझे लग्न झाले तेव्हा अत्तरदाणी सगळ्या बायकांच्या रांगेतून फिरली आणि आत्यापाशी येऊन वळसा घालून पुढे गेली. बोहल्यावरून मी ते पाहिले. बोलले नाही. पुढेही कधी बोलले नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे असल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तो वाचून मी मोठ्या तावातावाने बोलले होते. पण गावाच्या ठरावाला टाळ्या वाजवणे सोपे. आपल्या घरात अत्तराचा हात पुढे करायला मला सेहेचाळीस वर्षे लागली.

"आत्या, हात दे."

तिने हात पदराखाली घेतला. "मला कशाला गं? पोरींना लाव."

"दे म्हणते ना!"

मी तिचे मनगट ओढूनच घेतले. तिने ते नाकाशी नेले आणि मान हलवली. "काही कळेना बाई. आला आणि गेला." माझा जीव खट्टू झाला. वयाने नाक गेले असेल, असे मनाशी म्हणून मी गप्प बसले.

रात्री अंथरुणे घातली. दिवा मालवल्यावर अंधारातून आत्याचा आवाज आला, "अगं, यायलाय बघ परत. मघाशी गेला होता."

मी तिला विज्ञान सांगितले नाही. आयोनोनची खोडच अशी, की नाक त्याला थोडा वेळ दाद देईनासे होते आणि वास नाहीसा झालासा वाटतो. मग तो पुन्हा येतो. तिला मी एवढेच विचारले, "कशासारखा वाटतो?"

ती जरा थांबली. "कशासारखा म्हणू? अत्तरासारखा," ती म्हणाली. "सकाळपर्यंत राहील का गं?"

"कुपी इथेच ठेवून चालले आहे," मी म्हटले.

पलीकडच्या खोलीतून भाऊ ओरडला, "ते ताक आधी पुसा कुणीतरी!"

"ताक नाही रे," आत्या म्हणाली, "तुझं नाकच आंबट!" आणि अंधारात आम्ही दोघी किती तरी वेळ हसत होतो.