विंडोजमधली नावं, युनिक्समधले आकडे

मागच्या व्याख्यानात सांबा वापरून फाइली वाटून घेणं आपण पाहिलं. आता प्रश्न असा, की त्या फाइलीचा मालक कोण?

युनिक्सच्या कर्नलला 'सुनीता' वगैरे काही कळत नाही. त्याला कळतो युआयडी, म्हणजे नुसता एक आकडा. डिस्कवर मालक म्हणून तोच लिहिलेला असतो. नाव ऐनवेळी शोधलं जातं आणि ते कुठे शोधायचं, हे 'एनएसस्विच डॉट कॉन्फ' ही फाइल सांगते. तिथे 'फाइल्स'च्या पुढे 'विनबाइंड' लिहिलं, की स्थानिक यादीत न सापडलेलं नाव विंडोजच्या डोमेन कंट्रोलरला विचारलं जातं. सांबाच्या २.२ मालिकेत ही सोय आली.

नाव मिळालं, पण आकड्याचं काय? विंडोजमध्ये माणसाची ओळख म्हणजे एसआयडी, म्हणजे एस-१-५-२१ पासून सुरू होणारी लांबलचक माळ. मध्ये डोमेनचे तीन आकडे, शेवटी त्या माणसाचा आरआयडी. ॲडमिनिस्ट्रेटरचा आरआयडी ५००, 'डोमेन युजर्स' गटाचा ५१३, हे ठरलेले. ही अख्खी माळ ३२ बिटांच्या युआयडीत मावणार कशी? म्हणून जोड्या लावाव्या लागतात, आणि खरी गोम इथेच आहे.

'टीडीबी' पद्धतीत जो आधी येईल त्याला पुढचा मोकळा आकडा, अगदी दवाखान्यातल्या नंबरासारखा. एकच सर्व्हर असेल तर छान चालतं. पण दोन सर्व्हर असले की पहिल्यावर सुनीताला मिळालेला आकडा दुसऱ्यावर रमेशला मिळू शकतो. मग मालकांचे आकडे जसेच्या तसे ठेवून पगारपत्रक पहिल्यावरून दुसऱ्यावर उतरवलं, की रमेश त्याचा मालक! कुठेही चुकीचा संदेश येत नाही, म्हणून हे जास्त घातक. शिवाय या जोड्या 'विनबाइंडडी आयडीमॅप' नावाच्या फाइलीत राहतात. शेजारची 'कॅशे' फाइल उडवली तर पुन्हा तयार होते, ही मात्र होत नाही. तिचा बॅकअप हवाच.

'आरआयडी' पद्धतीत हिशोब ठरलेला असतो. आकड्यांची पट्टी १,००,००० पासून सुरू केली तर आरआयडी ११०५ चा युआयडी १,०१,१०५. पट्टी सगळीकडे सारखी ठेवा, उत्तर सगळीकडे तेच येतं. एकाहून जास्त सर्व्हर असतील तर आम्ही हीच सुचवू. फक्त प्रत्येक डोमेनला वेगळी पट्टी द्यायची आणि ती स्थानिक युआयडींवर चढू द्यायची नाही.

यंत्रांच्या नावांचं थोडक्यात. त्याच फाइलीत 'होस्ट्स'च्या ओळीत 'विन्स' जोडलं, की नेटबायोसची नावं, म्हणजे जास्तीत जास्त १५ अक्षरांची, युनिक्सला कळू लागतात. ते डीएनएसच्या नंतर, शेवटी लिहावं. विन्स सर्व्हर नसेल तर नाव जाळ्यात ओरडून विचारलं जातं, आणि 'तो मीच' असं कुणीही उत्तर देऊ शकतं. ॲक्टिव्ह डिरेक्टरी स्वतःच डीएनएसवर चालते, त्यामुळे जुनी यंत्रं नसतील तर 'विन्स' लिहूच नका.